दादाच्या डाव्या हातासाठी गेमचा डबा

२०२२च्या पावसाळ्यात दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं, आणि ओळ जरा लांब असली की वाचता वाचता तो मध्येच थांबतो. गेम खेळायची हौस मात्र शाबूत राहिली. ९६-९७ साली लालबागच्या चाळीत आम्ही दोघं टीव्ही गेमसमोर तासन्‌तास बसायचो. आता त्याच्या भांडुपच्या घरी मी त्याच्यासाठी एक डबा बसवलाय. भिंतीवरचं बटण चालू केलं की बारा सेकंदांत मराठी मेनू येतो. पुढचं सगळं डाव्या हाताने होतं, आणि कंटाळा आला की भिंतीवरचं बटण बंद. घरात कुणाला असा डबा हवा असेल तर तो कसा बनवला ते सांगते.

आधी सामान. भांडुपहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोड. ऑफिसांमधून निघालेले, वहीएवढे छोटे पीसी तिथे सेकंडहँड मिळतात. मी सहाव्या पिढीचा आय-थ्री घेतला, ४ जीबी रॅम आणि १२० जीबीची एसएसडी. जुन्या खेळांना याहून जास्त ताकद लागत नाही. त्यासोबत आर्केडची एक दांडी, ६० मिलिमीटरचं घुमटासारखं मोठं बटण, पायाने दाबायचा साधा स्विच आणि यूएसबी एन्कोडर बोर्ड. या बोर्डाला कुठलाही स्विच जोडा, पीसीला तो जॉयस्टिकचं बटणच वाटतो. दादाचा डावा पाय चांगला आहे, म्हणून गोळी मारायचं काम पायाकडे दिलं. दांडी आणि बटण एका प्लायच्या फळीवर बसवलं आणि फळीखाली रबर चिकटवलं, कारण एका हाताने खेळताना फळी सरकली की सगळंच सरकतं.

तयार सिस्टिम आधी जरूर बघा. बॅटोसेरा पेनड्राइव्हवरून चालते, डिस्कला हात लावत नाही. लक्का ही लिब्रेइलेक या छोट्या लिनक्सवर बांधलेली आहे आणि थेट रेट्रोआर्क, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणारे एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम, उघडते. धडधाकट हातांच्या माणसाला दोन्ही पुरेशा आहेत. पण त्यांच्या मेनूत वर-खाली, पुढे-मागे, निवडा, रद्द करा असं सगळं असतं, आणि मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारलं जातं. असा प्रश्न पडद्यावर आला की दादा माझ्याकडे बघायचा. त्या बघण्यामुळे मी स्वतःचा मेनू लिहायचं ठरवलं. हे यंत्र त्याला काहीही विचारणार नाही, एवढी एकच अट मी घातली होती.

पाया डेबियन या मोफत लिनक्सचा घेतला. छोट्या नेट-इन्स्टॉल फाइलने बसवताना डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून टाका, फक्त स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज ठेवा. डिस्कचे दोन भाग करा. मोठा भाग सिस्टिमचा आणि एक-दोन जीबीचा छोटा भाग फक्त सेव्ह फाइल्सचा. हे दोन भाग का, ते पुढे येईल. मग रेट्रोआर्क, पायगेम (पायथनमध्ये चित्र-आवाजाचे प्रोग्राम लिहायला) आणि पायथनचं इव्हडेव्ह (बटणांची दाबणी वाचायला) ही मुख्य पॅकेजेस टाका. दादाच्या नावाचा युजर काढून त्याला व्हिडिओ, रेंडर आणि इनपुट या तीन ग्रुपमध्ये घाला.

पासवर्ड न विचारता लॉगिन व्हावं म्हणून टीटीवाय-वनच्या गेटी सर्व्हिसला, म्हणजे पहिल्या पडद्यावर लॉगिन मागणाऱ्या प्रोग्रामला, एक जोड-फाइल लागते. तिच्यात एक्झेकस्टार्टची (कुठली आज्ञा चालवायची ते सांगणारी) रिकामी ओळ आधी लिहायची आणि ऑटोलॉगिनची ओळ त्याखाली. रिकामी ओळ विसरलात तर सगळ्या सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीला दोन एक्झेकस्टार्ट दिसतात आणि तो सर्व्हिसच नाकारतो. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. लॉगिन झालं की युजरच्या बॅश प्रोफाइलमधून (लॉगिनला शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, जी फाइल वाचतो तिच्यातून) एक न संपणारं चक्र सुरू होतं. मेनू उघडतो, दादा खेळ निवडतो, मेनू त्या खेळाचं नाव लिहून बंद होतो, शेल रेट्रोआर्क उघडतं, खेळ संपला की पुन्हा मेनू. मेनू पूर्ण बंद व्हायलाच हवा, कारण डेस्कटॉप नसताना पडदा एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असतो. पायगेमला केएमएसडीआरएम हा व्हिडिओ ड्रायव्हर वापरायला सांगितलं की तो डेस्कटॉपशिवाय चित्र काढतो. रेट्रोआर्कलाही ते येतं.

आता मेनू. सुरुवातीला मी तो दांडीने फिरवायचा ठेवला होता. दादाला एक घर पुढे जायचं असायचं, दांडी दोन घरं जायची, परत यायला गेला की पुन्हा दोन. शेवटी मेनूलाच फिरायला लावलं. पडद्यावर एका वेळी एकच मोठं चित्र, खाली नाव, आणि नाव बोलून दाखवलं जातं. तीन सेकंदांनी पुढचं चित्र. हवं ते आलं की मोठं बटण दाबायचं. दीड सेकंदापासून सुरुवात केली होती, तेव्हा त्याचा हात बटणापर्यंत पोचेपर्यंत चित्र निघून जायचं आणि तो चिडायचा. तुमच्या माणसाशेजारी बसून हा आकडा ठरवा, एकट्याने कोड लिहिताना तो कळत नाही. एकदा दाबल्यावर पुढची ४०० मिलिसेकंद बटणाकडे दुर्लक्ष करायचं, कारण त्याच्या हाताला थरथर आहे आणि एकाची दोन दाबणी होतात. खेळून परत आल्यावर मेनू त्याच खेळापासून सुरू होतो. खेळ आठच ठेवलेत. आधी तीस होते, म्हणजे शेवटच्या खेळासाठी त्याला दीड मिनिट थांबावं लागायचं.

मराठी अक्षरांनी वेगळंच काम काढलं. पायगेमने नाव लिहायला घेतलं की 'विमान'मधली पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडून सुटे व्हायचे. मजकूर पडद्यावर काढण्याआधी अक्षरांची जुळणी करावी लागते, आणि ती तिथे होत नव्हती. यावर मोठे उपाय आहेत. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती देवनागरी नीट जुळवते, लांबलचक मजकूर असेल तर तोच रस्ता धरा. माझ्याकडे आठ नावं होती, म्हणून गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये आठ चित्रं करून ठेवली. फॉन्ट बलू वापरला. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी तो बनवलाय, मोफत आहे, आणि त्याची गोल जाड अक्षरं दादाला सोफ्यावरून वाचता येतात. नावांचे आवाज आईने दिलेत. मोबाइलवर रेकॉर्ड करताना ती प्रत्येक नावाआधी "हं, बाळा" म्हणाली. ते मी कापलं नाही.

खेळातून बाहेर पडणं मेनूइतकंच महत्त्वाचं आहे. इव्हडेव्हने बटणावर नजर ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट मागे सतत चालू असते. मोठं बटण नुसतं दाबलं तर ते स्टार्ट, आणि तीन सेकंद दाबून धरलं की स्क्रिप्ट रेट्रोआर्कला बंद होण्याचा सिग्नल देते. रेट्रोआर्कमध्ये सेव्ह स्टेट आपोआप ठेवणं आणि आपोआप उघडणं, दोन्ही चालू करा, म्हणजे खेळ जिथे सोडला तिथेच सापडतो. पडद्यावरच्या सूचना बंद, किऑस्क मोड (सेटिंगना कुलूप) चालू, आणि बाहेर पडताना सेटिंग जतन करणं बंद. आपलं बटण कुठल्या क्रमांकाचं आहे हे इव्हटेस्ट दाखवतं.

खेळांच्या हक्कांचं थोडक्यात: एम्युलेटर मोफत आहे, म्हणून कंपन्यांचे खेळ मोफत होत नाहीत. या जुन्या यंत्रांसाठी आजही लोक नवे खेळ लिहितात आणि मोफत देतात. आठातले सहा तसे आहेत. उरलेले दोन आमच्याच माळ्यावरच्या कॅसेटमधून वाचून घेतले. आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकेत विकल्या गेलेल्या मशीनच्या कॅसेटला ७२. वाचायचं यंत्र घेताना हे बघून घ्या.

त्यातल्या एका कॅसेटने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पहिल्यांदा ती चालू केली तेव्हा दादा ऐकत राहिला आणि म्हणाला, "गाणं... पळतंय." मला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. त्याने दोनदा मान हलवली. मग मी शोधायला बसले, आणि त्याचंच बरोबर निघालं.

आपले टीव्ही गेम ज्याची नक्कल होते ते मूळ जपानी मशीन, निन्टेंडोचं फॅमिकॉम, सेकंदाला साधारण ६० चित्रं काढतं. आपला तेव्हाचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. आपल्यासारख्या पाल देशांत विकल्या गेलेल्या कितीतरी नकली मशीनमध्ये त्यासाठी घड्याळ बदललेल्या चिपा असायच्या. या खेळांची गाणी चित्रागणिक पुढे सरकतात. ६०ची ५० झाली की गाणं एक षष्ठांश संथ होतं. पण प्रोसेसरचा वेग जवळपास तोच राहतो, १.७९ ऐवजी १.७७ मेगाहर्ट्झ, त्यामुळे सूर फारसा उतरत नाही. लय तेवढी बदलते. दादाच्या कानात पंचवीस वर्षं बसलेली लय हीच होती. रेट्रोआर्कमध्ये या मशीनची नक्कल करणारा जो भाग (कोअर) मी वापरते, त्या एफसीईयूएमएमच्या रीजन पर्यायात एनटीएससी (६०ची पद्धत) आणि पालच्या जोडीला डेंडी असा पर्याय आहे. डेंडी हे रशियात गाजलेल्या तशाच नकली मशीनचं नाव. तो निवडला आणि गाणं लावलं. दादा काही बोलला नाही, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला.

त्याचा दुसरा फायदा मला नंतर कळला. खेळही तेवढाच संथ झाला, आणि तेवढ्या अवधीत त्याचा हात दांडीवर वेळेत पोचायला लागला. तुमच्याकडे कुणी हळू झालेलं असेल तर हा पर्याय आधी लावून बघा. टीव्हीला सिग्नलही ५० हर्ट्झचाच द्या आणि रेट्रोआर्कमधला रिफ्रेश रेट ५० करा. नाहीतर ६०च्या पडद्यावर दर पाचातलं एक चित्र दोनदा दिसतं आणि हालचाल अडखळते. टीव्हीचा गेम मोडही लावा, त्याने बटण आणि चित्र यांमधला उशीर कमी होतो.

आता भिंतीवरचं बटण. आमच्या घरात शटडाउन कुणी करणार नाही, वहिनी झोपताना प्लग बंद करते. म्हणून सिस्टिमचा भाग फक्त-वाचनासाठी माउंट केलाय. लॉग आणि तात्पुरत्या फाइल्स रॅममध्ये जातात, आणि लिहिण्याची मुभा फक्त सेव्हच्या छोट्या भागाला आहे, तोही सिंक लावून, म्हणजे लिहिलेलं लगेच डिस्कवर जातं. मध्येच वीज गेली तर फार तर त्या दिवसाचा डाव जाईल, यंत्र उठेलच. काही बदलायचं असेल तेव्हा मी तेवढ्यापुरतं लिहिणं उघडते. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, तो 'चालू हो' वर ठेवला की पीसीचं स्वतःचं बटण दाबावं लागत नाही.

सुरू व्हायला पहिल्यांदा ३१ सेकंद लागत होते. सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम ही आज्ञा कोण किती वेळ खातं ते सांगते. नेटवर्कची वाट बघणारी सर्व्हिस काढली, सिस्टिम सुरू करून देणाऱ्या ग्रबची थांबायची वेळ शून्य केली, रोजचे अपडेट तपासणारे टायमर बंद केले. डब्याला इंटरनेट नाहीच, त्यामुळे त्यांची गरज नव्हती. कर्नलला 'क्वाएट' सांगून काळ्या पडद्यावरच्या ओळीही घालवल्या. त्या ओळी बघून दादाला वाटायचं की काहीतरी बिघडलं.

सगळं जमल्यावर क्लोनझिलाने पूर्ण डिस्कची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आमची प्रत टीव्हीखालच्या खणात आहे, सोबत वहिनीच्या अक्षरात चार ओळींचा कागद. गेल्या महिन्यात मी गावी असताना एसएसडी गेली. पुतण्याने नवी आणली, कागद वाचून प्रत उतरवली, आणि रात्री मला फोनवर गाणं ऐकवलं.