ऐपटेशिया ओरबाडू नका, चुन्यात गाडा
ऐपटेशिया म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत दगडांवर पसरणारी उपद्रवी सी ॲनिमोन (समुद्रफूल). ती चिमट्याने ओढली की घोळ वाढलाच. तिच्या बुडाचा कणभर तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवी उगवते. कामी आली ती कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे शुद्ध चुन्याची पेस्ट. आरओच्या पाण्यात टूथपेस्टइतकी घट्ट कालवून बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरली. हातमोजे घाला, चुना कातडी भाजतो. पंप बंद करून आधी तिच्या तोंडावर थेंबभर सोडायचा. खाणं समजून गिळते, मग पूर्ण झाकायची. सुईचा धक्का लागला तर भोकात आक्रसते, त्या दिवशी नाद सोडा. १५ मिनिटांनी पांढरा थर सायफनने ओढून पंप चालू. एका वेळी ४-५च, नाहीतर टाकीतल्या पाण्याचा पीएच उसळतो. भेगांतली पिल्लं खायला पेपरमिंट कोळंबी सोडा. तशीच दिसणारी कॅमलबॅक कोळंबी मात्र पोवळीच कुरतडते.