योगदिनाचा फोटो छान आला, पण लाइनवर कोण होतं? वेलनेस कार्यक्रमातल्या या चुका टाळा

21 जूनची सकाळ. चाकणमधल्या एका कारखान्याच्या लॉनवर साठ चटया, साठ पांढरे टी-शर्ट आणि वर घिरट्या घालणारा ड्रोन. कार्यक्रम मीच आखला होता, त्यामुळे तो फोटो मी बरेच दिवस मिरवला. त्या साठ जणांत प्रॉडक्शन लाइनवरचा एकही माणूस नव्हता, हे फार उशिरा लक्षात आलं. योग साडेसातला होता आणि फर्स्ट शिफ्ट सातला लागते! कॉन्ट्रॅक्टवाल्यांना तर कोणी कळवलंच नव्हतं.

एचआरमध्ये बरीच वर्षं काढली. खालच्या चुकांपैकी निम्म्याअधिक माझ्याच आहेत.

हजेरी मोजली, माणसं पाहिली नाहीत

‘दोनशे जण आले’ हा आकडा रिपोर्टमध्ये शोभून दिसतो. पण ते दोनशे कोण? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 2016 मध्ये वेलनेस कार्यक्रमाचा खरंच उपयोग होतो का, हे संशोधकांनी जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांवर तपासलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काहींना कार्यक्रमात घेतलं, काहींना नाही. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या औषधपाण्याच्या खर्चात किंवा गैरहजेरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आणि जे हौसेने सामील झाले, त्यांचा दवाखान्याचा खर्च आधीपासूनच कमी होता. आपल्याकडेही लॉनवर तेच येतात, जे घरी सूर्यनमस्कार घालतात. तेव्हा हजेरीपट शिफ्टनुसार, विभागानुसार आणि कायम-कंत्राटी असा वेगळा काढून बघा. कोऱ्या राहिलेल्या रकान्यांत तुमचं खरं काम आहे.

पावलांच्या स्पर्धेचंही तेच. दहा हजार पावलांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, डॉक्टरांच्या अभ्यासातून नव्हे. बरं, शॉपफ्लोअरवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पेंट शॉपमध्ये गाडीला ओरखडा नको म्हणून घड्याळही काढून ठेवतात. मग दिवसभर उभा असणारा हेल्पर ॲपच्या हिशेबात शून्य पावलं चालतो आणि बक्षीस जातं अकाउंट्सला.

‘भरपूर पाणी प्या’

हे पोस्टर आम्ही प्रत्येक कूलरवर लावलं होतं. वायरिंग हार्नेसच्या लाइनवरच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, “साहेब, पाणी प्यायचं खरं, पण मग रिलीव्हर देणार का?” जागा सोडायची तर बदली माणूस हवा, बदली माणूस चाळीस जणींमागे एक, आणि टॉयलेट पार स्टोअरच्या पलीकडे. म्हणून बायका चहापर्यंत पाणीच टाळत होत्या. लघवीच्या जळजळीच्या तक्रारी फर्स्ट एड रूमच्या वहीत लिहिलेल्या होत्या, आम्ही ती वही कधी उघडलीच नव्हती.

पोस्टर काढलं आणि दुसरा रिलीव्हर दिला. प्रॉडक्शनवाल्यांशी भांडण झालं, तीन आठवडे चाललं. माझ्या मते तेवढा एकच वेलनेस कार्यक्रम त्या वर्षी झाला, बाकी सगळे समारंभ. तुमच्याकडे कार्यक्रम चालत नसेल तर नवी एजन्सी शोधण्याआधी ती वही वाचा.

आरोग्य तपासणीचा कॅम्प झाला, पुढे काय?

फर्स्ट शिफ्टचा माणूस साडेपाचला कंपनीच्या बसमध्ये बसतो, आल्यावर नाश्ता करतो आणि अकराला त्याचं रक्त ‘उपाशीपोटी’ म्हणून घेतात. असल्या रिपोर्टचा काय उपयोग! एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीला उपाशी राहावं लागत नाही, ती 6.5 टक्के किंवा त्याहून वर आली तर मधुमेहाचा संशय धरून पुन्हा तपासतात. पण पुन्हा तपासणार कधी? ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे हजेरी बोनस गेला. ज्यांचे रिपोर्ट वाईट आले, त्यांना अर्धा दिवस भरपगारी सोडा. कॅम्पच्या बजेटमध्ये हा खर्च पहिल्या दिवसापासून धरायचा असतो.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. कॅम्पची एक्सेल शीट मी विभागप्रमुखांना मेल केली, नावं आणि आकड्यांसकट. हेतू चांगला होता. एका क्रेन ऑपरेटरचा बीपी वाढलेला होता. त्याच्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी त्याला क्रेनवरून उतरवलं, ओव्हरटाइम बंद, नाईट अलाउन्स बंद. डॉक्टरांना कोणी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी त्या खात्यातून कॅम्पला तीन माणसं आली. सुरक्षेचा प्रश्न खरा होता, पण तो सोडवायची ही रीत नव्हे. आकडे डॉक्टरांकडे राहावेत, खात्याला फक्त ‘या कामाला फिट’ किंवा ‘सध्या हे काम नको’ एवढंच कळावं, आणि उपचार चालू असेपर्यंत त्या माणसाची कमाई बुडू नये.

समुपदेशकाची केबिन एचआरच्या शेजारी, काचेची, असेल तर तिथे कोणी का जात नाही याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो पगाराच्या स्लिपवर छापा. फोन कोणी केला, हे कंपनीला कळायचं कारणच नाही.

रात्रीचं ताट

1948 च्या कारखाना कायद्यात 250 हून जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी कॅन्टीनची तरतूद होती आणि ते चालवण्यात कामगारांचे प्रतिनिधी घ्यायची सोयही. आहारतज्ज्ञांचं व्याख्यान दिवसा होतं, नाईटवाल्यांच्या ताटात मात्र संध्याकाळचीच गरम केलेली भाजी, पापड आणि पाकाइतका गोड चहा. चहात साखर वेगळी ठेवणं, रात्री ताजी उसळ आणि ताक देणं, याला फार पैसे लागत नाहीत. कॅन्टीनचं कंत्राट सगळ्यात कमी दराला देऊन वर आहारावर भाषण ठेवू नये, एवढंच.

डबल ड्युटी

इथे एचआरची पंचाईत होते, कारण हे आपल्या हातात पूर्ण नसतं. आठवड्याच्या 48 तासांवर एक डबल, म्हणजे सलग दुसरी शिफ्ट मारली की 56 होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. कामगार डबल मागूनच घेतो, घराचा हप्ता असतो, हेही खरं. तरी गेल्या तीन महिन्यांत कोणी किती डबल केल्या, ही यादी टाइम ऑफिसकडे तयार असते. कॅम्पची पहिली चिठ्ठी त्या यादीतल्या वरच्या वीस जणांना द्या, आणि वेळ त्यांच्या शिफ्टला जुळेल अशी ठेवा.