हॉकीत नवा डिफेंडर चुकला की मॅनेजमेंट, हे कसं ओळखायचं

भारताची मॅच हरली की दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर असो नाहीतर लष्कर भागात कुणाच्या घरी आरतीनंतर चार जण बसलेले असोत, दोन वाक्यं हमखास कानावर येतात, एक म्हणजे "त्या नव्या पोराला घेतलंच कशाला" आणि दुसरं "सगळा मॅनेजमेंटचा घोळ आहे". ग्वाल्हेरात कुणी हॉकीवर भांडतंय याचाच मला आनंद आहे. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला २४-१ हरवलं त्यात एकट्याने १० गोल करणारे रूपसिंग इथलेच, पण त्यांच्या नावाचं स्टेडियम आज लोकांना सचिनच्या २०० मुळे माहिती आहे. म्हणून भांडा, जरूर भांडा, पण काय बघून भांडायचं ते आधी ठरवा, नाहीतर वीस वर्षाच्या पोराच्या डोक्यावर अशी गोष्ट फुटते जी त्याची नव्हतीच.

सगळ्यात आधी, गोल झाला की रिप्लेमध्ये गोल बघू नका, त्याच्या आधीचे दहा-बारा सेकंद बघा. टीव्हीवाले शेवटचा क्षणच दाखवतात, त्यात डिफेंडर पडलेला, फॉरवर्ड हात वर करून पळतोय, आणि आपण ठरवून टाकतो की हाच दोषी. मागे जा आणि बॉल कुठे गेला ते शोधा. बऱ्याच वेळा दिसेल की समोरच्याच्या २३ मीटरच्या लाईनच्या आत, म्हणजे त्यांच्या गोलजवळ, आपल्या कुणीतरी तीन जणांत ड्रिबल मारायला जाऊन बॉल घालवला, तेव्हा आपले दोन्ही साईड बॅक वर चढलेले होते, आणि मग मागे राहिलेल्या एकट्या पोरावर दोघं धावून आले. दोनावर एक असताना डिफेंडरचं काम बॉल काढून घेणं नसतंच, त्याचं काम उशीर करणं. मागे मागे सरकत राहायचं, स्टिक जमिनीवर ठेवायची, मधला पास बंद करायचा आणि बाकीचे परत येईपर्यंत वेळ काढायचा. तो एवढं करत असेल आणि तरी मिडफिल्डमधून कुणी धावत आलं नाही तर गोल मिडफिल्डच्या नावावर लिहा, पण पहिल्याच टचला तो अंगावर गेला, स्टिक आडवी टाकून झोपला आणि फॉरवर्ड बाजूने निघून गेला तर ती चूक त्याची, तिथे लाड नको.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ही कळली की अर्ध्या वादांचा रंगच बदलतो. हॉकीची स्टिक एकाच बाजूची असते, उजव्या हाताची, डावखुऱ्यांसाठी वेगळी नसते, म्हणजे प्रत्येक खेळाडूची एक बाजू पक्की आणि दुसरी, रिव्हर्सची, कच्ची. राइट बॅक उभा असतो तेव्हा त्याची पक्की बाजू साईडलाईनकडे येते, म्हणून समोरच्याला बाहेर ढकलत नेणं त्याला तुलनेने सोपं पडतं. लेफ्ट बॅकचं एकदम उलटं. समोरून येणारा राइट विंगर बॉल आपल्या उजवीकडे, साईडलाईनच्या बाजूला ठेवून पळतो आणि आपल्या पोराला तिथे रिव्हर्सने पोचावं लागतं. तो बाहेर सरकून उभा राहिला तर आतली जागा उघडी पडते आणि आत राहिला तर विंगर बेसलाईनपर्यंत जाऊन डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, क्रॉस मारतो. यात पाय कुठे ठेवायचे हे शिकायला वर्षं जातात. तेव्हा नवा मुलगा लेफ्ट बॅकला खेळत असेल आणि हल्ले त्याच्याच बाजूने होत असतील तर ते प्लॅनिंगने होतायत हे समजा, समोरच्या कोचने त्याला हेरलंय, आणि मग विचारायचा प्रश्न हा की आपल्या कोचने त्याच्या पुढे खेळणाऱ्या लेफ्ट हाफला त्याच्या मदतीला खाली का नाही उतरवलं?

पुढच्या मॅचला एकच डिफेंडर पकडा आणि एक पूर्ण क्वार्टर, म्हणजे १५ मिनिटं, फक्त त्याच्याकडे बघा, बॉल दुसरीकडे असताना सुद्धा. टीव्हीवर तो प्रत्येक वेळी दिसणार नाही, दिसेल तेवढं बघा. बॉल पलीकडच्या बाजूला असताना तो आत सरकतो का, मान वळवून पाठीमागे कोण आहे ते बघतो का, गोलकीपर ओरडल्यावर जागा बदलतो का, आणि बॉल मिळाल्यावर पहिला पास कुणाला देतो. घाबरलेला पोरगा दर वेळी साईडलाईनला मारून टाकतो नाहीतर आंधळा एरियल, म्हणजे हवेतून लांब पास, उडवतो, तयार होत असलेला पोरगा एकदा तरी मधून पास काढायचा प्रयत्न करतो, चुकला तरी, आणि मला असा चुकणारा जास्त आवडतो.

डीमधला हिशेब वेगळा. डीच्या आत बॉल डिफेंडरच्या पायाला लागला तरी पेनल्टी कॉर्नर (पीसी), आणि २३ च्या आत पण डीच्या बाहेर मुद्दाम फाऊल केला तरी पीसीच. म्हणून कागद घेऊन बसा आणि आपण किती पीसी दिले ते लिहा, त्यासमोर कसा दिला ते पण लिहा, पाय लागला, मागून टॅकल, की फॉरवर्डनेच जवळून पायावर मारला. पायावर मारून पीसी काढणं ही फॉरवर्डची कला आहे, तिथे डिफेंडर चार इंच इकडे तिकडे असता तरी काही फरक पडला नसता. मागून टॅकल मात्र म्हणजे तो आधीच हरला होता आणि घाईत होता, तसे एका मॅचमध्ये दोन-तीन झाले तर खरंच बोलायला जागा आहे.

पीसी डिफेन्समध्ये गोलकीपर धरून पाच जण गोललाईनच्या मागे असतात, बाकीचे सेंटर लाईनच्या पलीकडे. फर्स्ट रशर, म्हणजे सगळ्यात आधी पुढे धावणारा, सरळ ड्रॅग फ्लिकच्या (स्टिकने ओढून फेकलेल्या शॉटच्या) रेषेत पळत जातो, मास्क आणि नी-गार्ड लावून, आणि पहिल्या हिटला गोलच्या फळीच्या उंचीचं, म्हणजे ४६० मिलिमीटरचं, बंधन असतं पण फ्लिकला तसं काही नसतं, बॉल छातीच्या उंचीवरनं पण येतो. कोण कुठल्या लाईनने पळणार आणि कुठला कोपरा कीपरचा, हे आधीच ठरलेलं असतं. म्हणजे पोस्टवर उभ्या असलेल्या मुलाच्या बाजूने गोल गेला म्हणून तो मुलगा चुकला असं नाही, कदाचित रशरने लाईन चुकवली असेल. पॅरिस ऑलिंपिकचं आठवा. २०२४ च्या क्वार्टर फायनलमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध आपला फर्स्ट रशर अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं, चाळीस मिनिटांहून जास्त वेळ आपण दहा जण खेळलो, १-१ राखलं आणि शूटआउट ४-२ जिंकलं, त्या दिवशी गोल वाचवायला फॉरवर्डसुद्धा डीमध्ये येऊन उभे होते. सेमीफायनलला रोहिदास बाहेर, जर्मनीचा पहिला गोल पीसीवर पेयाटचा, आपण २-३ हरलो. रोहिदास असता तर तो गोल थांबला असता असं छातीठोक कुणी सांगू नये, पण एका रशरच्या मागे दुसरा तयार आहे का, हा प्रश्न मॅनेजमेंटलाच विचारायचा असतो, त्या दिवशी त्याच्या जागी पळालेल्याला नाही.

वय आणि वेळ यावर बोलताना नुसतं "पोरांना संधी द्या" म्हणून भागत नाही, उदाहरण ठेवा समोर. डिफेंडर हरमनप्रीत सिंग २०१६ ला रिओ ऑलिंपिक खेळला तेव्हा विशीचा होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरात लखनौला ज्युनिअर वर्ल्ड कप पण खेळला आणि जिंकला. सीनिअरमधून ज्युनिअरला पाठवणं ही शिक्षा नसते हे यावरनं कळतं. तोच पॅरिसला कॅप्टन होता आणि १० गोल करून स्पर्धेतला टॉप स्कोअरर, मध्ये आठ वर्षं गेली. महिला टीमची उदिता तर फॉरवर्ड होती, नंतर डिफेंडर झाली, आणि हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या महिला लिलावात सगळ्यात महाग, ३२ लाखांना गेली. उलटं उदाहरणही घ्या, टोकियोच्या मेडलनंतर रुपिंदर पाल सिंग आणि बिरेंद्र लाकडा एकाच दिवशी, ३० सप्टेंबर २०२१ ला रिटायर झाले, दोघंही मागच्या लाईनचे. अशा वेळी नव्या मुलाला सिनिअरच्या शेजारी हळूहळू मुरू द्यायची सोय राहत नाही, सरळ पाण्यात टाकावं लागतं, आणि मग पहिल्या दहा मॅचवरनं त्याची परीक्षा करणं अन्याय आहे.

आता मॅनेजमेंट. हा एक माणूस नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. कोच नेमणं-काढणं, कुठे कुठे खेळायचं, पैसा, हे हॉकी इंडियाचं, म्हणजे देशाच्या हॉकी संघटनेचं, तिथे अध्यक्ष दिलीप तिर्की, जे स्वतः डिफेंडर म्हणून ४०० च्या वर मॅच खेळलेत, आणि २०१८ पासून ओडिशा सरकार स्पॉन्सर. कॅम्पला कुणाला बोलवायचं यात सिलेक्टर. कोण सुरू करणार, कोण कितीदा बेंचवर, प्रेस, म्हणजे पुढे जाऊन बॉलवाल्यावर दबाव, कुठे लावायचा, हे कोचचं. लीगमध्ये एखादा तरुण बॅक नुसता बसून राहिला तर ते फ्रँचायझीचं, त्यांना महिन्याभरात ट्रॉफी हवी असते. म्हणून तक्रार करताना नाव नाही तर निर्णय धरा, "कोच बेकार" म्हणण्यापेक्षा "तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोन गोलनी पुढे असताना फुल प्रेस का चालू ठेवला" असं म्हणा, मग समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. आणि टीमचा आकडा लक्षात ठेवा, एरवी १८ जण नेता येतात, ऑलिंपिकला १६, त्यामुळे ऑलिंपिकच्या वेळी दोन जागी खेळू शकणारा आधी जातो आणि फक्त सेंटर बॅक खेळणारा चांगला पोरगा घरी राहतो, त्यात दर वेळी राजकारण नसतं.

कोचला काढा म्हणायच्या आधी निदान एक पूर्ण सीझन बघा. २०२५ च्या जूनमध्ये युरोपात प्रो लीगला, म्हणजे देशांच्या टीमच्या लीगला, आपले पुरुष सलग सात मॅच हरले, त्यातल्या बऱ्याच एका गोलने, तेव्हा कोच क्रेग फुल्टनला घालवा असं कितीतरी जण म्हणत होते, आणि सप्टेंबरमध्ये राजगीरला तीच मंडळी कोरियाला ४-१ हरवून आशिया कप जिंकली आणि वर्ल्ड कपला गेली. याचा अर्थ जूनमध्ये सगळं ठीक होतं असं नाही, शेवटच्या क्वार्टरला गोल खाणं हा खरा रोग होता आणि त्यावर बोलायलाच हवं होतं. महिलांच्या टीमबद्दल मात्र मला जास्त कळकळीने बोलावंसं वाटतं, टोकियोला चौथ्या आलेल्या मुली जानेवारी २०२४ ला रांचीत ऑलिंपिक पात्रतेच्या मॅचमध्ये जपानकडून ०-१ हरून पॅरिसला मुकल्या, पुढच्याच महिन्यात कोच यानेके शोपमन राजीनामा देऊन गेल्या, २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये टीम शेवटची येऊन खालच्या गटात गेली. तिथे एकेका मुलीच्या टॅकलवर बोलण्यात काय अर्थ आहे, तिथे बोट वर दाखवायचं.

घरच्या काका-आजोबांशी वाद घालायची पण एक रीत आहे. "आमच्या वेळचे फुलबॅक" सुरू झालं की तोडू नका, विचारा, "काका, तेव्हा ऑफसाइड होता ना, मग फॉरवर्ड तुमच्या पाठीमागे उभा राहू शकायचा का?" ऑफसाइड नव्वदच्या दशकात गेला, ऑलिंपिक १९७६ पासून कृत्रिम टर्फवर, त्याने बॅकचं कामच बदललं, आता पाठीमागे एक फॉरवर्ड नुसता उभा असतो आणि एका एरियलवर खेळ संपतो. हे विचारलं की ते स्वतःच सांगायला लागतात गवतावर बॉल कसा उसळायचा, आणि त्यातनं टॅकलच्या वेळेबद्दल अशा गोष्टी कळतात ज्या आजच्या कॉमेंट्रीत येत नाहीत.

आणि जमेल तेव्हा ग्वाल्हेरच्या कंपू भागात जा. राज्य सरकारची महिला हॉकी अकादमी तिथे २००६ पासून आहे, परवानगी विचारून कडेला उभं राहून डिफेंडर मुलींचं एक सेशन बघा, एकावर एक, दोनावर एक, तेच तेच किती वेळा करतात. इशिका चौधरी आपल्या ग्वाल्हेरचीच, डिफेंडर, भारताकडून खेळली. मध्य प्रदेशकडून खेळणारी ज्योती सिंग, ती पण डिफेंडर, २०२४ ला मस्कतमध्ये ज्युनिअर आशिया कप जिंकणाऱ्या टीमची कॅप्टन होती आणि कोच होते आपल्या शेजारच्या झाशीचे तुषार खांडेकर. सेशन बघताना मोबाईल खिशात ठेवा, मुलींचे व्हिडिओ काढून कुठे टाकू नका, आणि ज्युनिअर खेळाडूचं नाव घेऊन ऑनलाईन शिव्या तर कधीच नाही, टीका सीनिअर टीमवर करा, ज्युनिअरमध्ये फक्त शिकवणाऱ्यांवर.

२०२६ चा वर्ल्ड कप ऑगस्टमध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आहे. कागदावर प्रत्येक मॅचला चार गोष्टी लिहा, बॉल कुठे घालवला, दोनावर एक किती वेळा झालं, पीसी कसा दिला, आणि शेवटच्या क्वार्टरला मागे कोण कोण होतं. ग्रुपच्या मॅच संपेपर्यंत लिहा आणि मग बाड्यावर या, तो कागद घेऊनच.