पांदण आणि महामार्ग, दोन्हींसाठी एकच गाडी: ड्युअल-स्पोर्टचं स्प्रॉकेट आणि चेनची लांबी कशी ठरवावी

मराठवाड्यात ड्युअल-स्पोर्ट गाडीला (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या मोटारसायकलला) एकाच दिवसात दोन उलटी कामं करावी लागतात. सकाळी बीड-धाराशिव रस्त्यावर ८०-९०चा वेग, आणि दुपारी काळ्या रानातली पांदण, जिथे पहिल्या गिअरमध्येही क्लच अर्धा दाबून चालावं लागतं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे शंभराच्या पुढचा वेग धरून गिअरिंग उंच (इंजिनच्या त्याच फेऱ्यांना जास्त वेग, पण कमी ओढ) करण्याचं इथे फारसं कारण नाही. बहुतेकांना ते थोडं खाली (त्याच फेऱ्यांना कमी वेग, पण जास्त ओढ) आणायचं असतं. प्रश्न असतो तो किती खाली आणि कोणत्या बाजूने, म्हणजे पुढचं की मागचं स्प्रॉकेट (चेन ज्यावरून फिरते ते दातेरी चाक) बदलून.

आधी तक्रार नीट ओळखा

सपाट कच्च्या रस्त्यावर पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि ॲक्सिलरेटर न देता गाडी चालू द्या. माणूस भरभर चालतो त्या वेगाला इंजिन हिसके देत असेल, तर गिअरिंग तुमच्या रानासाठी उंच आहे. दुसरी परीक्षा औट्रम घाटासारख्या चढावर: मागे माणूस आणि सामान असताना वरच्या गिअरमधून वारंवार खाली यावं लागतं का? हो असेल, तर तो गिअर कागदावरच आहे. उलट, ८० वरच इंजिन ओरडत असेल आणि हँडलला मुंग्या येत असतील, तर कंपनीचं गिअरिंगच ठेवा किंवा पुढे एक दात वाढवा.

आकडा काढा

मागच्या स्प्रॉकेटचे दात भागिले पुढच्याचे दात, एवढंच गणित; आकडा वाढला की गिअरिंग खाली येतं. समजा गाडीला पुढे १३ आणि मागे ४० आहेत. ४० ÷ १३ = ३.०८. पुढे १२ केले तर ३.३३, म्हणजे सव्वाआठ टक्के खाली. मागे ४३ केले तर ३.३१, म्हणजे साडेसात टक्के. पुढचा एक दात मागच्या सुमारे तीन दातांइतका भारी पडतो, हे लक्षात राहिलं की पुढचं सोपं जातं.

आता परिणाम बघा. ८० किमी वेगाला आधी इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल, तर १२-४० वर (पुढे १२, मागे ४०) ते ६,५०० वर जाईल. पांदणीत मात्र त्याच फेऱ्यांवर आधी १० चा वेग असेल तिथे आता सव्वानऊचा मिळेल. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो, पण क्लच न दाबता गाळातून निघणं आणि क्लच जाळणं यांच्यात तेवढाच फरक असतो. महामार्गावर पेट्रोल थोडं जास्त लागेल, हेही धरून चला.

स्पीडोमीटरचा सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर त्याला काही होत नाही. तो गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर काटा त्याच टक्क्याने जास्त वेग दाखवेल आणि किलोमीटरही जास्त मोजेल.

पुढे कमी की मागे जास्त?

पुढचं स्प्रॉकेट स्वस्त आणि अर्ध्या तासाचं काम, म्हणून सगळे आधी तेच बदलतात. आजमावून बघायला ते उत्तम आहे. पण कायमचं गिअरिंग मागून खाली आणावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. लहान चाकावरून वळताना चेनची प्रत्येक कडी जास्त वाकते, कमी दातांवर जास्त ओढ येते आणि चेन मागच्या चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणारी चौकट, स्विंगआर्म) प्लास्टिकच्या पट्टीला जास्त घासते. काळ्या मातीचा चिखल पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणामागे घट्ट बसतो, तेव्हा हीच झीज आणखी वाढते. १२ च्या खाली तर जाऊच नका.

मागे दोन-तीन दात वाढवताना चेनगार्ड आणि चेनच्या मार्गदर्शकाला स्प्रॉकेट लागत नाही ना, ते हाताने चाक फिरवून बघा.

चेनची लांबी

चेनच्या कडीवर नंबर कोरलेला असतो. ४२८ ची पिच, म्हणजे पिनपासून पिनपर्यंतचं अंतर, १२.७ मिमी असते. ५२० आणि ५२५ ची १५.८७५ मिमी. पुढचं, मागचं आणि चेन तिन्ही एकाच नंबरचे हवेत; ५२० आणि ५२५ ची पिच सारखी असली तरी रुंदी वेगळी आहे.

जुन्या चेनच्या कड्या मोजून नवी आणणं ही नेहमीची चूक आहे. स्प्रॉकेट बदललं की ती संख्या कामाची राहीलच असं नाही. मागचा एक्सल (चाकाचा दांडा) चिमट्याच्या खाचेत पूर्ण पुढे सरकवा आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. मग:

कड्या = (२ × अंतर ÷ पिच) + (दोन्हीकडच्या दातांची बेरीज ÷ २) + दुरुस्ती

दुरुस्तीसाठी दातांतला फरक ६.२८ ने भागा, त्याचा वर्ग करा, पिचने गुणा आणि अंतराने भागा. ती साधारण अर्ध्या कडीच्या आसपासच येते, पण सोडू नका.

समजा अंतर ६०० मिमी आणि चेन ४२८. १३-४० साठी ९४.४९ + २६.५ + ०.३९ = १२१.३८. आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते, म्हणून संख्या सम हवी आणि वरचीच घ्यायची: १२२. उरलेल्या ०.६२ कडीसाठी एक्सल सुमारे ४ मिमी मागे जाईल. १२-४० ला १२०.९१ येतात, तीच १२२ ची चेन चालते, एक्सल ७ मिमी मागे. १३-४१ ला १२१.९१, जेमतेम बसते. १३-४३ ला मात्र १२२.९७ लागतात, म्हणजे १२४ ची चेन; एक्सल साडेसहा मिमी मागे. हिशोब विषम आकड्यावर अडला म्हणून अर्धी वाकडी कडी टाकून जोडू नका, ती तिथेच तुटते.

एक्सल खाचेच्या पुढच्या अर्ध्यात बसावा. चेन झिजून लांबते, तेव्हा मागे सरकवायला जागा उरली पाहिजे.

बसवताना

चेन चढलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून, पुढच्या स्प्रॉकेटचा नट किंवा बोल्ट आधी सैल करा. चेन काढल्यावर तो पकडायला काही उरत नाही. वॉशरचं पान दुमडलेलं असेल तर आधी सरळ करा, बसवताना नवं पान टाका.

झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालू नका. दात हुकासारखे वाकले असतील तर तिन्ही वस्तू एकत्र बदला. चेनची टोकं जोडणारं लॉक क्लिपचं असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवा. खडकाळ रस्त्यासाठी रिव्हेटचं (दाबून कायमचं बसवलेलं) लॉक जास्त भरवशाचं.

ताण

सस्पेन्शन लांब असल्यामुळे स्टँडवर बघून ठरवलेला ताण फसवतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ होते. दोन-तीन माणसं बसवून किंवा पट्ट्याने ओढून गाडी तेवढी दाबा. चाक फिरवत चेनची सगळ्यात ताठ जागा शोधा आणि तिथे १०-१५ मिमी खेळ (चेन वर-खाली हलण्याची जागा) राहील असा ताण ठेवा. मग गाडी सोडून स्टँडवर लावा आणि खेळ पुन्हा मोजा. तो आकडा हातपुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून चिमट्यावर मार्करने लिहून ठेवा. पुढे रोज तोच वापरायचा.

पावसाळ्यात हा खेळ मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवा. काळी माती दातांच्या खोबणीत भरली की चेन दातांवर उंच चढते आणि ताणली जाते. आधीच ताठ असेल तर भार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो, आणि ते काम चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलण्यापेक्षा कितीतरी पट महाग पडतं. रानातून आल्यावर झाकणामागचा चिखल ओला असतानाच काडीने काढा, वाळल्यावर तो दगड होतो.

ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबराच्या रिंगा असलेली) चेन रॉकेलने धुवा, पेट्रोलने नको, रबर फुगतं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसू नका, बोटं जातात. नव्या चेनचा ताण पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा, आणि त्याच वेळी पुढच्या स्प्रॉकेटचा बोल्टही पान्हा लावून तपासा.