लोज्बानमध्ये काळ दाखवताना: 'पु', 'शा', 'बा' आणि त्यांच्या जागा

लोज्बान या कृत्रिम, तर्कावर आधारलेल्या भाषेत काळ दाखवणे सक्तीचे नाही. 'मि शित्का' म्हणजे खाल्ले, खातो किंवा खाईन, यांपैकी काहीही; संदर्भावरून कळत असेल तर तसेच सोडा. नवशिके प्रत्येक वाक्यात काळ भरतात, त्याने वाक्ये उगाच जड होतात.

गरज असेल तेव्हा क्रियेच्या शब्दाआधी 'पु' (भूत), 'शा' (वर्तमान) किंवा 'बा' (भविष्य) ठेवा. मग 'शु' हा क्रियेचा शब्द आधीच्या शब्दांपासून वेगळा करणारा विभाजक लागत नाही: 'लो गेर्कु पु बाज्रा', कुत्रा धावला. किती आधी किंवा नंतर, हे मागे जोडा: 'झि' थोडे, 'झा' मध्यम, 'झु' फार. 'पु झु' म्हणजे फार पूर्वी. क्रिया किती वेळ चालली हे वेगळे. त्यासाठी 'झेहि', 'झेहा', 'झेहु'.

'पु'ने क्रिया संपली असे ठरत नाही. 'मि पु शित्का' म्हणणारा अजूनही खात असू शकतो. संपल्याचे सांगायचे तर 'बाहो': 'मि बाहो शित्का', माझे खाऊन झाले. 'बा' भविष्याचा, म्हणून 'बाहो'ही पुढचा असे समजू नका; 'बाहो' म्हणजे क्रियेनंतरची स्थिती, 'पुहो' सुरू होण्याआधीची.

खरी गडबड वाक्ये जोडताना होते. 'मि क्लामा बा लो नु दो शित्का' म्हणजे तू खाल्ल्यानंतर मी जातो. पण 'मि क्लामा इ बा बो दो शित्का' म्हणजे मी जातो, त्यानंतर तू खातोस ('इ'ने नवे वाक्य सुरू होते, 'बो' त्याला आधीच्या वाक्याशी जोडतो). शब्द तोच, क्रम उलटा. 'बा बो' दिसला की नंतरची घटना दुसऱ्या वाक्यातली.