बिलात जास्त पैसे लागले? काउंटर सोडण्याआधी हे करा

पैसे दिल्यावर लगेच दाराकडे वळू नका. काउंटरच्या कडेला सरका, मागच्या गिऱ्हाइकाला वाट द्या आणि तिथेच बिल वाचा. दुकानात असताना माल, बिल आणि रॅकवरचं लेबल हे तिन्ही ताडून पाहता येतात. घरी गेल्यावर लेबल हाताशी नसतं, आणि पिशवीत नेमकं काय होतं यावरही वाद घालता येतो.

१. आधी नग मोजा. बऱ्याच बिलांच्या तळाशी एकूण नग छापलेले असतात. पिशवीत ७ आणि बिलावर ८, म्हणजे बहुतेक एखादी वस्तू दोनदा स्कॅन झाली. मशीनचा आवाज ऐकू आला नाही की कॅशियर तीच वस्तू पुन्हा फिरवतो, तेव्हा हे होतं. दुसरी नेहमीची चूक ‘४ ×’ अशा ओळीत सापडते. सारख्या दिसणाऱ्या ४ वस्तूंपैकी एकच स्कॅन करून संख्या हाताने टाकलेली असते, आणि स्कॅन झालेली नेमकी त्यातली महाग निघते.

२. मग दर बघा. मशीन दर कॉम्प्युटरमधून उचलतं, रॅकवरची चिठ्ठी मात्र कुणीतरी हाताने बदलावी लागते. म्हणून दर वाढला तरी जुनी चिठ्ठी राहते, सवलत संपली तरी पाटी लटकत राहते. तक्रार करण्याआधी चिठ्ठीवरचं नाव, वजन आणि सवलतीची तारीख वाचा. पुष्कळदा आपण शेजारच्या वस्तूचा दर वाचलेला असतो. दर खरंच वेगळा असेल तर चिठ्ठी आणि वस्तू एकाच फोटोत घ्या.

सुटा माल असेल तर दोनच गोष्टी तपासा: मालाचा कोड बरोबर पडला का, आणि डब्याचं वजन वजा झालं का.

३. आता कॅशियरला त्या एका ओळीवर बोट ठेवून सांगा: “ही वस्तू दोनदा लागलीय, जरा बघता का?” ‘तुम्ही फसवलंत’ म्हणालात की तो बिल बघायचं सोडून स्वतःचा बचाव करत बसतो. झालेलं बिल रद्द करायला बऱ्याच ठिकाणी मॅनेजरची किल्ली किंवा पासवर्ड लागतो, त्यामुळे “थांबा, सरांना बोलावतो” ही दरवेळी टाळाटाळ नसते.

४. रोख पैशांचा वाद सगळ्यात अवघड. मोठी नोट देताना ती केवढ्याची आहे ते मोठ्याने म्हणा. परत मिळालेले पैसे काउंटरवरच मोजा. एकदा ते खिशातल्या पैशांत मिसळले की कमी मिळाल्याचं दाखवणार कसं? ‘तुम्ही छोटीच नोट दिलीत’ असं उत्तर आलं तर गल्ला मोजायला सांगा. गल्ल्यात किती रोख असायला हवी याचा आकडा मशीन देतं. मोजल्यावर दोन नोटांमधल्या फरकाइतकीच रक्कम जास्त भरली, तर तुमचं म्हणणं बहुतेक खरं. गर्दीत गल्ला लगेच मोजत नाहीत, शिफ्ट संपताना मोजतात. अशा वेळी बिल नंबर, वेळ आणि तुमचा फोन नंबर मॅनेजरकडे लिहून द्या, आणि त्याचं नाव विचारून घ्या.

५. कार्डाचं मशीन बिलाच्या मशीनशी जोडलेलं नसेल तर रक्कम हाताने टाकली जाते आणि १२० चे १२०० होऊ शकतात. पिन दाबण्याआधी स्क्रीन वाचा. व्यवहार फसला म्हणून कार्ड पुन्हा लावायला सांगितलं, तर आधी फसल्याची स्लिप मागा. खात्यात दोन नोंदी दिसल्या तरी त्यातली एक नुसती अडवून ठेवलेली रक्कम असू शकते. ती सहसा काही दिवसांत आपोआप सुटते. दोन्ही पक्क्या झाल्या तर मात्र पैसे खरंच दोनदा गेले. मशीनचा दिवसाचा हिशेब बंद होण्याआधी व्यवहार रद्द होऊ शकतो. त्यानंतर परतावाच करावा लागतो आणि त्याला काही दिवस लागतात. दोन्ही वेळा त्याची स्लिप घ्याच.

६. दुकानाने दाद दिली नाही तर मालकाला किंवा मुख्य कार्यालयाला लेखी कळवा: तारीख, वेळ, बिल नंबर, चुकलेली ओळ, फरकाची रक्कम. कार्डाचे पैसे असतील तर बँकेकडेही तक्रार नोंदवता येते. ‘आधी दुकानाला विचारलं का?’ असं तिथे विचारतात, म्हणून ते पत्र जपा. मूळ बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. तो कागद बहुतेक ठिकाणी उष्णतेवर छापलेला असतो. उन्हात किंवा गरम गाडीत राहिला तर अक्षरं वाचता येत नाहीत.