शस्त्रक्रियेविना कंबरदुखीवर उपचार
खानापूर भागात भातलावणीला दिवसभर वाकून कंबर धरली, तर लगेच शस्त्रक्रियेची धास्ती घेऊ नये. असे बहुतेक दुखणे ४ ते ६ आठवड्यांत ओसरते. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात पडून राहू नये. गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे शेकावे, बांधावरून सावकाश चालावे आणि पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी आणून थोडा वेळ धरावा. कळ पायात उतरू लागली, तर व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. (मालिशीने बरे वाटते, पण पाठ तुडवून घेणे टाळलेलेच बरे.) मात्र लघवी अडली, जांघेत बधिरता आली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी बेळगावातील मोठे रुग्णालय गाठावे.